बारा किलोमीटर

दहिसर नदीची लांबी सुमारे १२ किलोमीटर. तुळशी तलावाच्या बाजूच्या डोंगरात ती सुरू होते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून वायव्येला उतरते, द्रुतगती महामार्गाखालून आणि मग रेल्वेच्या रुळांखालून जाते, दहिसर गावठाणाजवळून पुढे सरकत मनोरीच्या खाडीला मिळते. काठाने सलग वाट असती तर सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला मुखाशी पोहोचला असता. सलग वाट नाही.

वरचा भाग जंगलाचा. खालचा शहराचा. नाव दोन्हीकडे तेच.

डोंगरात आधी आणखी एक नदी होती. १८६०त विहार तलाव पुरा झाला आणि काही वर्षांतच मुंबईला त्याचे पाणी कमी पडू लागले. शेजारच्या खोऱ्यातल्या तासो नदीला बांध घालून तिचे पाणी विहारकडे वळवायचे ठरले. त्यातून तुळशी तलाव झाला. साल १८७९. दोन्ही तलाव आज महानगराच्या हद्दीत आहेत आणि महानगराची फार थोडी तहान भागवतात. तासोचे नाव पाणीपुरवठ्याच्या इतिहासात एका वाक्यापुरते येते.

जांभूळमाळ हे उद्यानातले सर्वांत उंच ठिकाण. उंची ४६८ मीटर. तिथून तलाव दिसतात, जंगल दिसते. पश्चिमेला समुद्राच्या आधी इमारती दिसतात.

नदी बारमाही नाही. कधी नव्हती. मृगाच्या सरी मुरल्या की डोंगरातले ओहोळ सुरू होतात, श्रावणात भरून वाहतात, दिवाळीनंतर एकेक करून थांबतात. शेवटी डोह उरतात. काठाला जांभूळ, करंज, उंबर. वर चढावर साग, खैर, कुडा, पळस. पावसाळ्यात ओहोळाच्या दगडावर शीळकरी कस्तूर बसतो. त्याची शीळ माणसाने घातल्यासारखी असते. नवखा माणूस ती ऐकून मागे वळून बघतो.

उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की वाळूत झिरे खणत. हातभर खणले की पाणी पाझरे. वाटीने भरून हंड्यात ओतायचे. दिवसा ते पाणी माणसांचे, रात्री जनावरांचे. आता जनावरांसाठी सिमेंटचे पाणवठे बांधलेले आहेत आणि उन्हाळ्यात ते भरले जातात. बाजूला ठशांची नोंद घेतली जाते.

जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. नवापाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा, रावणपाडा. उद्यान होण्याच्या आधीपासून आहेत. कागदावर ते बराच काळ अतिक्रमणाच्या शेजारच्या रकान्यात राहिले.

पाड्यातली भिंत कारवीची असे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वर माती-शेणाचा लेप द्यायचा, त्यावर तांदळाच्या पिठाने चित्र. राष्ट्रीय उद्यानातून काठी तोडून नेणे गुन्हा झाला. भिंतीला पत्रा आला, ताडपत्री आली, जाहिरातीचे फ्लेक्स आले. चित्र कागदावर आणि कापडावर गेले, तिथून दुकानात. ते भिंतीपेक्षा जास्त टिकते आणि विकले जाते.

कारवी स्वतः आहे तशी आहे. आठव्या वर्षी फुलते. २००८, २०१६, २०२४. फुलून झाली की वाळते, बी तडकून खाली पडते, पुढच्या पावसात पुन्हा उगवते. फुलांच्या वर्षी उद्यानात ती बघायला रांगा लागतात. मधल्या सात वर्षांत तिच्याकडे कुणी बघत नाही.

पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट चढत. ती वलगण. खाचरांतून, ओहोळांतून, गुडघाभर पाण्यातून मासे वर यायचे आणि लोक रात्री कंदील घेऊन उतरायचे. शिंगटी, मरळ, खवल. बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावून ठेवायचा आणि पहाटे काढायचा. मासे वर चढायला खालची नदी जिवंत लागते. खालची नदी कशी आहे ते पुढे येते. शिवाय उद्यानात मासेमारीला मनाई आहे. मनाई नसती तरी सापळा बहुधा रिकामाच निघाला असता.

बांबूचा सापळा विणणारे म्हातारे होते. तसले सापळे आता संग्रहालयांत आढळतात. शेजारच्या पाटीवर वापर लिहिलेला असतो.

रानभाज्या अजून येतात. जूनमध्ये शेवळं, मग टाकळा, कुर्डू, कंटोळी. आदिवासी बायका बोरिवली स्टेशनाबाहेर फुटपाथवर वाटे लावून बसतात. शेवळं कशी करायची ते गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागते. काकडं घालायची, नाहीतर घशाला खाज येते. पूर्वी हे विचारणारे गिऱ्हाईक नव्हते.

१९२९ साली विहारच्या परिसरात एक वाघ मारला गेला. पाड्यांतल्या वाघदेवाच्या पाटावर अजून वाघ कोरलेला आहे, वर चंद्र-सूर्य आहेत, शेंदूर आहे. जंगलात आता बिबटे आहेत. त्यांची मोजणी कॅमेऱ्यांनी होते. ठिपक्यांच्या रचनेवरून एकेक ओळखला जातो, त्याला क्रमांक मिळतो.

नदीत मगरी होत्या. १९६०च्या दशकापर्यंत दहिसरच्या काठी त्या दिसल्याचे सांगितले जाते. आता त्या विहार, तुळशी आणि पवईच्या तलावांत आहेत. नदीत उतरणाऱ्याला मगरीची भीती राहिलेली नाही.

त्याच काळापर्यंत नदीच्या काठावर सिनेमांची चित्रीकरणे होत. मुंबईहून गाडीने पोहोचता येईल असे रान, वाहते पाणी, कडेला झाडे. गावातली नदी दाखवायची असली की हीच. जुन्या कृष्णधवल चित्रपटांत घागर घेऊन येणाऱ्या नायिकेच्या मागे जे पाणी दिसते त्यातले काही या नदीचे असावे. श्रेयनामावलीत नदीचे नाव नसते.

कान्हेरीची लेणी याच डोंगरात. शंभराहून अधिक. सातवाहनांच्या काळापासून पुढे हजारेक वर्षे इथे भिक्षू राहिले. जवळपास प्रत्येक लेण्याला खडकात कोरलेले टाके आहे. माथ्यावरचे पाणी पन्हळींनी टाक्यात आणले आहे. पन्हळ बोटभर खोल, हातभर लांब, पुढच्या पन्हळीला अचूक जोडलेली. शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि दान काय दिले तेही आहे. लेणे आणि पोढी. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे. व्यापारी आहेत, सोनार आहेत, भिक्षुणी आहेत. पाणी दान देण्याइतके मोलाचे होते आणि ते साठवायची जागा खडकात कोरून कायमची करून ठेवली होती.

लेण्यांच्या घळीतून ओढा जातो. त्याच्यावर जुन्या बांधाचे अवशेष असल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरात आहे. पाणी अडवून तळे करायची योजना भिक्षूंना सुचली होती. ते गेल्यानंतरही माणसे येत राहिली. एका लेण्यात पहलवी लिपीत पारशी प्रवाशांची नावे आहेत. साल १००९ आणि १०२१. डोंगरात येऊन भिंतीवर नाव लिहायची सवय तेवढी जुनी आहे. नंतरची नावे अणकुचीदार दगडाने आणि बदामासकट लिहिलेली आहेत.

टाकी अजून भरतात. पावसाळा संपला तरी काही टाक्यांत पाणी राहते. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पाण्यावर बाटल्या असतात. त्यांच्यावर हिमालयाचे चित्र असते.

उद्यानाची नावे बदलत गेली. कृष्णगिरी उपवन. बोरिवली राष्ट्रीय उद्यान. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र वाढत वाढत १०३ चौरस किलोमीटरच्या आसपास स्थिरावले. रिक्षावाल्याला ‘नॅशनल पार्क’ सांगितले की पुरते.

प्रवेशद्वारापासून थोड्या अंतरावर नदी अडवून नौकाविहाराचे तळे केलेले आहे. पायाने चालवायच्या होड्या आहेत. तळ्याच्या वर नदी कोरडी असते तेव्हाही तळ्यात पाणी असते. पलीकडे गांधी टेकडी. तिच्याभोवती वनराणी नावाची छोटी आगगाडी फिरत असे. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात रुळांचे नुकसान झाले आणि गाडी थांबली. बोगद्याच्या तोंडाशी वेल चढले. शाळेच्या सहलीतल्या मुलांना पुढची काही वर्षे नुसते स्टेशन दाखवले गेले.

उद्यानाच्या कडेने वीस-तीस मजल्यांच्या इमारती आहेत. त्यांच्या जाहिरातींत जंगल खिडकीतून दिसते. खिडक्यांतून उजेड येतो. जंगलाच्या त्या बाजूला पुरता अंधार पडत नाही. काजवे बघायचे तर बरेच आत जावे लागते, आणि अंधार पडल्यावर आत जायची परवानगी नसते.

आता डोंगराच्या पोटातून बोगदा जातो आहे. ठाणे ते बोरिवली, जोडरस्त्यांसह ११.८ किलोमीटर. नदीची लांबीही जवळपास तेवढीच. जुलै २०२४मध्ये भूमिपूजन झाले. बोगदा जमिनीखालून जाणार असल्याने झाडे वाचतात, असे सांगितले जाते. झाडे जमिनीवर असतात. पाणी दोन्हीकडे असते.

उद्यानाची हद्द संपेपर्यंत पात्रातला दगड दिसतो. महामार्गाच्या पुलाखालून बाहेर पडल्यावर दिसेनासा होतो. या बदलाला फार अंतर लागत नाही.

श्रीकृष्ण नगर, दौलत नगर. इथे नदीला गटारे मिळतात. तबेल्यांचे शेण मिळते. म्हशी शहरात आल्या त्या दुधासाठी. दूध सकाळी घरोघर जाते, बाकीचे नदीत. पाण्यावर पिवळसर साय धरते. पावसाळ्याचे चार महिने नदीत डोंगराचे पाणी असते. उरलेले आठ महिने जे वाहते ते घरांतून आलेले असते. त्या अर्थाने ती आता बारमाही आहे.

परीट काठावर कपडे धूत. दगड ठरलेले होते, माणसागणिक. कपडे वाळत घालायला काठची मोकळी जागा होती. मोकळी जागा आधी गेली. मग पाणी. दगड गाळाखाली असतील. पोरे पुलावरून उड्या मारत. कुठल्या जागी किती पाणी ते पोरांना पाठ असे. साठीच्या पुढची माणसे बोटाने ती जागा दाखवतात. तिथे पार्किंग आहे.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदीचे नाव सगळ्या देशात झाले. दहिसर, पोयसर, ओशिवरा यांनाही पूर आले, ती नावे त्यामानाने कमी छापली गेली. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने मुंबईतल्या या नद्यांकडे नद्या म्हणून पाहिले. महापालिकेच्या कागदांवर त्या तोवर पर्जन्यजलवाहिन्यांच्या यादीत होत्या.

मग भिंती आल्या. दोन्ही काठांना, काँक्रीटच्या, माणसापेक्षा उंच. पात्र रुंद झाले, सरळ झाले. वळणे काढून टाकल्यावर पाणी लवकर पुढे जाते, हे खरे आहे. वळणाच्या आतल्या बाजूला वाळू साचत असे, बाहेरच्या बाजूला डोह होई. वाळूत टिटवी अंडी घाली. डोहात मासे उन्हाळा काढत. सरळ पात्रात या दोन्ही जागा नसतात.

भिंतीत बहुतेक ठिकाणी पायऱ्या नाहीत. गावठाणात नदीवर जायच्या वाटा होत्या. कुणाच्या परसातून, कुणाच्या गोठ्याला लागून. नवी नवरी कुठल्या वाटेने पाण्याला जाई, म्हशी कुठल्या, ते ठरलेले होते. वाटा भिंतीपर्यंत येतात. भिंतीपाशी कचरा साचतो, कारण वाट तिथे संपते.

काठची माती गेल्याने खंड्याचे बीळ गेले. तो बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्यांच्या कडेला घर करतो. खड्डा भरला जाईपर्यंत. बगळे मात्र वाढले. ढोकरी काळ्या पाण्यात एका पायावर उभी असते. तिला तिथे काहीतरी मिळते.

विहिरी होत्या. नदीच्या दोन्ही अंगांना, नदीच्या पाझरावर भरणाऱ्या. नळ आले, विहिरींवर जाळ्या आल्या. काही बुजवल्या. एखादीच्या कठड्यावर तुळस आहे, हळदकुंकू आहे. पोहरा नाही.

मंडपेश्वरचे शैव लेणे या नदीच्या काठी कोरले गेले, असे मानतात. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आसपास. आज नदी तिथून दूर आहे. तिने पात्र बदलले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, लेण्याचे प्रार्थनामंदिर केले, एका भिंतीवरच्या मूर्तिकामाच्या जागी क्रूस कोरला, वर मठ बांधला. मठ पडला. क्रूस आहे, शेजारच्या खणात नटराज आहे. गाभाऱ्यात पिंड आहे आणि पूजा चालू आहे. नदीने पात्र बदलले तेव्हा तिला बदलायला जागा होती.

दहिसर १९५७पर्यंत मुंबईत नव्हते. त्या वर्षी बृहन्मुंबईची हद्द उत्तरेला सरकली. हद्दीवर जकात नाका आला. ट्रकांच्या रांगा, हमाल, चहाच्या टपऱ्या, नाक्याभोवती एक छोटे गाव झाले. १ जुलै २०१७ला वस्तू आणि सेवा कर आला आणि जकात बंद झाली. नाक्याचे नाव राहिले. बसचा कंडक्टर ते अजून पुकारतो.

हद्द सरकली तेव्हा काठाने भातखाचरे होती. पावसाआधी राब, जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी. खाचरांच्या बांधांवर तूर आणि चवळी. पूर आला की खाचरात गाळ बसे आणि पुढच्या वर्षी खत कमी लागे. गाळ अजून येतो. आता तो दर मे महिन्यात यंत्राने काढून काठावर ठेवतात. तो उचलायचे कंत्राट वेगळे असते. ट्रक उशिरा आले तर पहिला पाऊस तो परत नदीत नेतो.

लोकल बोरिवली सोडून दहिसरला लागण्याआधी नदीवरून जाते. पुलावर गाडीचा आवाज बदलतो तेवढाच वेळ. दारात उभे असलेले नाकाला रुमाल लावतात. नियमित प्रवासी तो आवाज बदलायच्या थोडा आधी लावतात.

रुळांच्या पलीकडे कांदरपाडा. इथून पुढे नदीत भरती-ओहोटी येते. भरतीला काळे पाणी मागे सरकते, ओहोटीला पुढे. भिंती संपतात आणि तिवरे सुरू होतात. तिवरांच्या मुळांत चिखल, चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या. मुळांवर पिशव्या अडकलेल्या असतात, भरती कुठवर आली ते त्यांच्या उंचीवरून कळते. खाडीवरच्या कोळ्यांची जाळी मनोरी-गोराईच्या बाजूला लागतात. जाळे ओढल्यावर आधी प्लास्टिक वेगळे करायचे, मग मासळी. या कामाला वेळ जातो, त्याचा भाव मिळत नाही.

वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्याचा मार्ग या तिवरांमधून आखलेला आहे. तोडलेल्या तिवरांच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावण्याची तरतूद असते. दुसरीकडे म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्या जिल्ह्यात.

मुखाशी मिठागरे होती. काही अजून आहेत, बांध फुटलेले, वाफ्यांतून तिवर उगवलेले. वाफ्यात भरतीचे पाणी घ्यायचे, उन्हात आटवायचे, फावड्याने ओढायचे, कडेला ढीग रचायचे. पावसाळ्याआधी ढिगांवर गवत शाकारायचे. मीठ गोणीतून जाई, वजनाने विकले जाई, रंगाने करडे असे. मासे खारवायला तेच घेत. मिठागरांची जमीन आता घरांच्या योजनांच्या नकाशात वेगळ्या रंगाने दाखवलेली असते. मीठ गुजरातेतून येते, एक किलोच्या पाकिटात.